हक्क आले आणि कारखाने गेले

"अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कायद्याने समान हक्क मिळून इतकी वर्षे झाली, तरी ते मागे का?" हा प्रश्न आपल्याकडचे आरक्षणविरोधक फार आवडीने विचारतात. उत्तरही त्यांनी ठरवलेले असते : त्या लोकांतच खोट आहे. आम्ही म्हणतो, आधी डेट्रॉइटचा इतिहास वाचा.

दक्षिणेतील जातीसारख्याच वर्णव्यवस्थेतून सुटण्यासाठी लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखान्यांत आले. मोटार कारखान्यांत त्यांच्या वाट्याला भट्टी आणि रंगखात्याची जीवघेणी कामे आली. कुशल कामे गोऱ्यांकडे राहिली. युनियनही न्याय देईना, म्हणून १९६८ मध्ये डॉज मेन कारखान्यात त्यांनी स्वतःची संघटना काढली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा झाला होता. १९७३ मध्ये कोलमन यंग डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले.

त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखले. मोठ्या अमेरिकन गाड्यांचा खप घसरला, छोट्या जपानी गाड्यांनी बाजार धरला. महागाई आणि बेकारी एकदमच वाढली. १९८० मध्ये डॉज मेन बंद पडला. महागाई मोडण्यासाठी फेडरल रिझर्व्हने व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. १९८२ च्या अखेरीस देशातील बेकारी १०.८ टक्के झाली. कृष्णवर्णीयांमध्ये ती २० टक्क्यांच्या वर गेली.

संकट एकच, मग मार दुप्पट का? कारण नियम होता : शेवटी आलेला आधी बाहेर. दिसायला हा नियम निःपक्ष आहे. पण शेवटी कोण आला होता? ज्याला पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवले, तोच! १९८४ मध्ये मेम्फिस अग्निशमन दलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सेवाज्येष्ठतेचीच बाजू घेतली.

गोरे उपनगरांत गेले, त्यांच्यामागे कराचा पैसाही गेला. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्तीचे डेट्रॉइट २००० मध्ये साडेनऊ लाखांवर आले. १९७४ च्या निकालाने उपनगरांच्या शाळांना एकत्रीकरणातून वगळले. कृष्णवर्णीयांच्या हाती खुर्ची आली, तेव्हा तिजोरी रिकामी होती.

गोरा कामगारही भरडला गेला, हे खरेच. १९८१ मध्ये रेगन यांनी ११ हजारांहून अधिक संपकरी हवाई नियंत्रकांना काढून टाकले. पण गोऱ्या कामगाराला शत्रू म्हणून मालक दाखवला गेला नाही; सरकारी मदतीवर जगणारी कृष्णवर्णीय बाई दाखवली गेली. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला सारखीच पाच वर्षांची किमान शिक्षा ठेवली. क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय. रोजगाराच्या जागी तुरुंग आला.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने ब्लॅक पँथरचे नाव घेतले. नाव घेतले तसा हा धडाही घ्यायला हवा. १९९१ नंतर आपले आरक्षण कागदावर शाबूत आहे, पण ज्या सरकारी नोकऱ्यांत ते लागू होते, त्या कंत्राट आणि खासगीकरणात विरत आहेत. राजकीय समतेला सामाजिक-आर्थिक समतेचा आधार नसेल तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. म्हणून केवळ आरक्षण वाचवा म्हणून भागणार नाही. नोकऱ्या, सरकारी शाळा आणि जमीन यांच्यासाठीही रस्त्यावर यावे लागेल.

जय भीम!