टोपलीची कुळकथा

परदेशी गेलेल्या भाच्याचा पगार कानावर आला की आपण डॉलरला रुपयाच्या भावाने गुणून मोकळे होतो. गुणाकार बरोबर येतो, अंदाज मात्र चुकतो. कारण तिथली भाकरी तिथल्याच भावाने घ्यावी लागते.

यावरचा ‘क्रयशक्ती समता’, म्हणजे वस्तूंची एकच टोपली दोन्ही देशांत किती पैशांत येते ते पाहून चलनांची तुलना करणे, हा शब्द स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी 1918 मध्ये रूढ केला. त्यांचा प्रश्न चलनांच्या दरांचा होता. कामगाराच्या स्वयंपाकघरापर्यंत तो पोचला 1929 मध्ये.

फोर्ड कंपनीला युरोपातल्या कामगारांना डेट्रॉइटच्या कामगारासारखे राहता येईल एवढी मजुरी ठरवायची होती. ती किती, हे कंपनीने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला विचारले. पाहणीसाठी पैसे दिले बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनी. डेट्रॉइटमध्ये रोज सुमारे 7 डॉलर मिळवणाऱ्या 100 कुटुंबांचा वर्षाचा जमाखर्च मांडला गेला. मग त्या खर्चाच्या टोपलीची किंमत युरोपातल्या शहरांत काढायची, एवढेच काम उरले. घोड्याने पेंड खाल्ली ती तिथेच. खाणे वेगळे, कपडे वेगळे, घरे वेगळी. डेट्रॉइटचीच टोपली धरली तर ती परक्या गावात उगाच महाग पडते. गावागणिक टोपली बदलली तर तुलनाच संपते.

ही गाठ सोडवायला 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अर्व्हिंग क्रॅव्हिस यांनी मिळून आंतरराष्ट्रीय तुलना प्रकल्प हाती घेतला. एका देशाची टोपली प्रमाण न मानता सगळ्यांच्या किमती आणि खर्च एकत्र तोलायचे, ही त्याची रीत. 1970 सालच्या पहिल्या तुलनेत दहा देश होते, त्यांत भारतही होता. विनिमय दराने दिसतो तेवढा आपला देश गरीब नाही, हे त्यातून आकड्यांत उतरले. कारण केशकर्तन किंवा घरकाम जहाजात घालून पाठवता येत नाही. मजुरी कमी तिथे ते स्वस्तच राहते.

1986 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने सगळी टोपली एका बर्गरवर, बिग मॅकवर, आणली. पण बिग मॅकमध्ये गोमांस. म्हणून भारतासाठी चिकनचा महाराजा मॅक धरावा लागला. डेट्रॉइटची अडचण बर्गरलाही चुकली नाही.

तेव्हा भाच्याला पगार विचाराल, तर घरभाडे आणि पाळणाघराचा खर्चही विचारा.