पाण्याचा चर

आमच्या आळीसमोर चर खणला तेव्हा पहिल्या दिवशी सगळी पोरं बघायला जमली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या शिव्या घालायला जमल्या. तिसऱ्या दिवसापासून कुणीच जमलं नाही, कारण तोवर चर आमच्या जगण्यात शिरला होता. उंबऱ्यातून बाहेर पडायला फळी. फळीवरून सायकल, फळीवरून पोराचं दप्तर, फळीवरूनच आजारी आत्याला रिक्षापर्यंत उचलून नेणं. मी गिरणीत रात्रपाळी करतो. कापडाच्या नव्हे, त्या गेल्या, कागदाच्या. पहाटे घरी येताना त्या फळीवर पाय ठेवला की झोप खाडकन उडायची. पावसात चर भरला आणि पाण्याच्या नळासाठी खणलेल्या चरात गढूळ पाण्यानं डबकं केलं. प्यायला मात्र टँकर.

दोस्तहो, मी हे रडगाणं सांगायला बसलो नाही. फळीवर उभा राहून मी जे वाचत होतो ते सांगायचंय.

भूगाव हे पुण्याहून पौडला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की मुळशीचं धरण. म्हंजे आम्ही पाण्याच्या वाटेवरच राहतो, पण ते पाणी आमच्या दिशेनं येत नाही. मुळा नदीचा स्वभाव पूर्वेला जायचा : मुळा-मुठा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर. टाटा कंपनीनं तिला मुळशीला अडवली आणि पश्चिमेला वळवली. बोगद्यातून, मग लोखंडी नळांतून, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात. तिथून कुंडलिका नदीत, आणि अरबी समुद्रात. आपल्या भागातला सगळ्यात मोठा पाण्याचा नळ हाच. त्यानं कुणाची तहान भागवली नाही, गिरण्या चालवल्या.

या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले, तुरुंगात गेले. मावळ्यांनी मार खाल्ला. या लढ्याला मी कमी लेखत नाही, लेखणाऱ्याशी भांडेन. पन्नासावर गावांच्या पोटावर पाणी येणार होतं. पण हा लढा भाषणात येतो तेव्हा ‘शेतकरी’ एवढा एकच शब्द येतो. आणि त्या शब्दाच्या पोटात कोण कोण कोंबलंय ते कुणी विचारत नाही. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं, ते मिळालं तर वाचा. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या ब्राह्मण सावकारांच्या हातात गेली होती. ते पुढं भरपाईकडं वळले. कसणारी कुळं लढत राहिली.

आता कुळाच्याही खाली या. १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात पैसा जातो तो जमिनीवर ज्याचा हक्क लागतो त्याला. मग ज्याचं नाव सातबाऱ्यावर कुठंच नाही, त्याचं काय बुडालं? बलुतं बुडालं. गवत, सरपण, मेलेलं ढोर, लग्नाला मागायचं घर बुडालं. महारवाडा बुडाला. गाव बुडालं तर गावकूस बुडतंच की! पण गावकुसाबाहेरचं घर बुडाल्याची भरपाई म्हंजे चार कुडाच्या भिंतींची किंमत. राबणूक कुठल्या कायद्यात मोजायची? (तिचा भाव आजही निघालेला नाही.)

आणि १९२७. हे साल दोनदा वाचा.

१९२७ साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं. मुळशीचं पाणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात उतरलं. त्याच कुलाबा जिल्ह्यात, थोडं दक्षिणेला, त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्येच झाला होता : सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद होता. पाणी होतं. प्यायला गेल्यावर मात्र डोकी फुटली. मागून तळ्यात एकशेआठ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून ते ‘शुद्ध’ केलं. खटला चालत राहिला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं! डोंगर पोखरून नदी उलटी फिरवायला कंपनीला याहून कमी वर्षं लागली.

भिऱ्याची वीज तारांवरून मुंबईला गेली. गिरण्यांतले माग फिरायला लागले. आमचे आजेपणजे त्या गिरण्यांत होते, पण मागावर नव्हते. का? धोट्यातली कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. धाग्याला थुंकी लागायची. म्हणून विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याला मज्जाव. लाल बावटा हातात धरणाऱ्या भावांनाही ती थुंकी चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. म्हंजे बघा : मुळशीत आपला वाडा बुडवून काढलेली वीज, मुंबईत ज्या मागाला फिरवते, त्या मागाला आपण हात लावायचा नाही. पाण्यानं शिवलं, विजेनं शिवलं, थुंकीनं बाटलं.

जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना उघडा केला. भूगावपासून ते घर फार लांब नाही. आमच्या शाळेत हौदाचा धडा होता, पण त्या पेठेत त्या दिवशी शेजारी काय बोलले असतील यावर एक ओळ नव्हती.

चराकडं परत येतो. खणायला यंत्र होतं, पण यंत्राला जिथं वळता येईना तिथं माणसं उतरवली. लातूरकडचं एक जोडपं होतं. बाई सात महिन्यांची पोटुशी असेल. दुपारी तिनं आईकडं पाणी मागितलं. आईनं तांब्या-भांडं पुढं केलं. बाईनं भांडं घेतलं नाही. खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली, वरून ओता म्हणून. आई जागच्या जागी थिजली. आईनं स्वतः लहानपणी विहिरीवर अशीच ओंजळ धरलेली. मंग आई ओरडलीच, “भांड्यानं पी गं! आमच्यात नाय तसलं.” बाईनं विचारलं, “तुमच्यात म्हंजे कुणात?” आईनं भिंतीवरल्या फोटोकडं बोट केलं. बाई फोटोकडं बघून हसली, भांडं घेतलं, दोनदा भरून प्याली. मग चराच्या कडेला बसून दोघींनी तासभर गप्पा मारल्या. मुकादम ओरडला तरी.

नळ आला. दिवसाआड, पाऊण तास. आळीतल्या शेवटच्या चार घरांना धार करंगळीएवढी, कारण नळ तिथपर्यंत पोचता पोचता बारीक झालाय. ती शेवटची चार घरं कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको.

मी एक वही केलीय. येत्या रविवारी सुट्टी आहे, पौडच्या बाजूला जाणार. धरणाच्या काठावरल्या वस्त्यांत म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या आईबापांनी सांगितलेलं त्यांना आठवतं : आपला वाडा कुठं होता, पाणी कुठल्या घाटावर भरायचे, उठून कुठं गेले. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सातच्या एस्टीला भूगावच्या थांब्यावर यावं. भाकरी आपापली आणा. पाणी मी घेतो.