आधी जुळणी, मग मांडणी : सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टमच्या अभ्यासाची प्रस्तावना

सर्व्हर म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारती येतात. सावनेरच्या वाचकाने आधी स्वतःच्या तालुक्याकडे पाहावे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, खापरखेड्याचे १,३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, तहसील कार्यालय, बँकांच्या शाखा, दवाखाने यांचे रोजचे काम कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि शेतकऱ्याच्या हातातल्या उताऱ्यामागेही सर्व्हर येऊन उभा राहिला. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य खिडकीवर ऐकून परतलेल्या माणसाचा दिवस बुडतो, मजुरी बुडते. हा विषय शिकायचा तो या माणसासाठी. म्हणून पुढची पाने मन लावून वाचा, आणि हा विषय आपला नाही ही भीती बाजूला ठेवा.

विषयाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. सर्वांत खाली यंत्र असते : प्रोसेसर, मेमरी, डिस्क, अनेक डिस्क एकत्र हाताळणारा रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड. सर्वांत वर कामाचे सॉफ्टवेअर असते : डेटाबेस, हिशेब, नोंदवह्या. मधली ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजेच प्रणाली, दोघांना एकमेकांपर्यंत पोहोचवते. तिन्ही थर आपापल्या जागी उत्तम असूनही एकत्र चालतीलच असे नाही. सावनेरकरांना हे वेगळे समजावायला नको. इथून जाणाऱ्या नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते, ब्रॉडगेजचे १,६७६. इंजिनही चांगले आणि रूळही चांगले असले, तरी माप जुळल्याशिवाय गाडी धावत नाही. आणि माप बदलायचे ठरले की रुळांबरोबर पूल आणि फलाटही हाताळावे लागतात. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम बदलणे हे त्याच जातीचे काम आहे.

एके काळी ही जुळणी कंपनीच करून देत असे. यंत्र आणि प्रणाली एकाच घरातून येत. महाराष्ट्रातला याचा इतिहास पुण्याच्या सी-डॅकमध्ये पाहायला मिळतो. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. १९९८ च्या परम १०००० मध्ये सन या कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते आणि त्यांवर सनचीच सोलारिस प्रणाली. पुढच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४ आणि आयबीएमचीच एआयएक्स. यंत्र बदलले की प्रणाली बदलली, आणि तीवर चालणारे प्रोग्रॅम पुन्हा जुळवून घ्यावे लागले.

दरम्यान बाहेरचे जग वेगळ्या वाटेने निघाले होते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जगासमोर ठेवला, १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, आणि दहा कंपन्यांच्या सुट्या भागांनी बनलेल्या स्वस्त यंत्रांवरही सर्व्हर चालू लागले. सर्व्हर तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले ते यामुळे. मात्र स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही आली. जुळते की नाही हे पाहण्याचे कंपनीचे काम आता मांडणी करणाऱ्याच्या खांद्यावर आले. हा अभ्यास उभा राहिला तो या जबाबदारीतून.

ती कशी दिसते, हे एका प्रसंगात पाहू. नवी प्रणाली टाकायला घेतली. भाषा निवडली, परवान्याच्या अटी मान्य केल्या, आणि पुढच्या पडद्यावर संदेश आला : डिस्क सापडत नाही. यंत्रात चार डिस्क धडधडीत आहेत, दिवे लुकलुकताहेत. दोष डिस्कचा नसतो. डिस्क रेड कंट्रोलरच्या मागे आहेत, आणि त्या कंट्रोलरशी बोलण्याचा ड्रायव्हर या प्रणालीत नाही. विंडोज सर्व्हर २००३ च्या काळात अशा वेळी सुरुवातीलाच एफ-६ कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी गेली, प्रश्न राहिला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून अनेक जुन्या कंट्रोलरांचा आधार काढून टाकला गेला. सातव्या आवृत्तीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले यंत्र आठवीपुढे आंधळे होऊ शकते. प्रोसेसरचेही तसेच. विंडोज सर्व्हर २०२५ ला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना जाणणारा प्रोसेसर लागतो. डिस्क २ टेराबाइटहून मोठी असेल तर जुनी एमबीआर विभागणी पुरत नाही, जीपीटी घ्यावी लागते. आणि त्या डिस्कवरून विंडोज सुरू करायची तर यूईएफआय फर्मवेअरही हवे. हे सगळे उत्पादकांच्या सुसंगतता याद्यांमध्ये खरेदीपूर्वीच वाचता येते.

वरच्या थरांकडे वळलो की प्रश्न बहुधा मुदतीचा होतो. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी. त्या तारखेनंतरही सर्व्हर चालू राहतो, आणि म्हणूनच धोका नजरेआड होतो : नव्या सुरक्षा दुरुस्त्या येणे थांबलेले असते. उलट बाजूने, हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालेल याची हमी त्याच्या निर्मात्याने दिलेली नसते. आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या यंत्रात, जुनी प्रणाली ठेवणे हा एक मार्ग आहे. त्याने यंत्राचा प्रश्न सुटतो, मुदतीचा सुटत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक जुळणी डोळ्यांत तेल घालून तपासावी : अक्षरांची. लिनक्सवर मजकुराचा क्रम ठरवण्याचे काम सहसा ग्लिबसी ही लायब्ररी करते. २०१८ मध्ये तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस आपली सूची त्याच क्रमाने रचून ठेवतो. खालची प्रणाली बदलली, डेटा तसाच वर चढवला, की सूची जुन्या क्रमाची आणि शोध नव्या क्रमाचा, असे होऊ शकते. नोंद तक्त्यात असते, पण शोधल्यावर मिळत नाही. पडद्यावर चूक दाखवणारा संदेशही येत नाही. खातेदाराच्या नावाने उतारा शोधणाऱ्या कार्यालयात याचा अर्थ काय होईल, याचा विचार करा. उपाय सोपा आहे : प्रणाली बदलल्यावर मजकुराच्या सूची पुन्हा बांधायच्या. तो ठाऊक असणे, हेच प्रशिक्षण.

जागेचाही विचार याच शास्त्रात येतो. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, अशी अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वीज गेली, एसी बंद पडला आणि यूपीएसवर सर्व्हर मात्र चालू राहिला, तर खोली भराभर तापते. म्हणून यूपीएसचे सॉफ्टवेअर आपल्या प्रणालीशी बोलते का आणि सर्व्हर वेळेत नीट बंद करते का, हेही जुळणीच्या तपासणीतच धरावे.

आता अभ्यास कसा करावा याविषयी. महागडे यंत्र लागत नाही. जुना संगणक आणि त्यावर आभासी यंत्रे एवढ्यावर सुरुवात होते. डेबियन मोफत मिळते, आणि सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही. एकदा मांडणी करा, मोडा, पुन्हा करा. प्रत्येक वेळी वहीत लिहा : यंत्राचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, कंट्रोलर, प्रणालीची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि प्रत्येकापुढे आधार संपण्याची तारीख. खऱ्या सर्व्हरला हात लावण्यापूर्वी बॅकअप घ्या, आणि तो दुसरीकडे परत उतरवून पाहा. न उतरवलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

जुळणी एकदा करून संपत नाही, कारण ती तिन्ही थरांच्या निर्मात्यांनी दिलेल्या मुदतीच्या शब्दावर उभी असते. तो शब्द वेळेवर वाचणारा आणि मुदत संपण्याआधी हालचाल करणारा माणूस प्रत्येक तालुक्याला हवा आहे. त्यासाठी नागपूर-पुण्याहून कुणाची वाट पाहण्याची गरज नाही. सावनेरच्या मुलामुलींना हे काम पूर्ण साधेल, या विश्वासाने या विषयात तुमचे मनापासून स्वागत करतो.

सावनेर