देवळालीचे गणित आणि फील्ड्स पदक

कॅनडाचे गणितज्ञ जॉन चार्ल्स फील्ड्स यांच्या नावाचे पदक १९३६ साली ऑस्लो येथे प्रथम दिले गेले. दर चार वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत ते चाळिशीच्या आतील गणितज्ञांनाच मिळते. भारतीय वंशाच्या मंजुल भार्गव यांना ते २०१४ मध्ये आणि अक्षय वेंकटेश यांना २०१८ मध्ये मिळाले, तर २०२२ च्या चार मानकऱ्यांत युक्रेनच्या मरिना व्याझोव्हस्का होत्या. हे मानकरी प्रायः मोठ्या विद्यापीठांत घडलेले असतात; नाशिकच्या गणिताचा इतिहास मात्र देवळालीतील एका शाळेत घडला.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये अव्वल ठरलेले, म्हणजे सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीत शिक्षक होते.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी, आणि हीच क्रिया येणाऱ्या बाकीवर करीत राहावे, म्हणजे फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले. उदाहरणार्थ, ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४ मिळते. ज्या संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत, जसे २०, त्यांना त्यांनी स्वयंभू संख्या म्हटले. याच संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे.

१९४९ मध्ये कापरेकर चव्वेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे पदकाची वयोमर्यादा ओलांडलेले. शिवाय त्यांचे गणित त्या पदकाच्या खोलीचे नव्हते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु पदवीनंतरच्या संशोधनाचे शिक्षण आणि विद्यापीठाचा आधार नसताना संख्यांतील नवी रचना शोधण्याची त्यांची दृष्टी अस्सल होती. भारतात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. नाशिकच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने या शिक्षकाला स्वतंत्र प्रकरण द्यावे.