हिमरूची मागची बाजू

मागच्या वर्षी इतिहासाच्या तासाला मी घरातली हिमरूची एक जुनी शाल वर्गात नेली होती. पुस्तकातले 'मध्ययुगीन हस्तव्यवसाय' हे प्रकरण वाचून मुलींना काहीच कळत नाही, निदान कापड तरी हाताला लागावे, एवढाच हेतू. आठवीच्या मुली एकेक करून शालीवरून हात फिरवत होत्या. त्यांत एक मुलगी होती, जिचे वडील छावणीतच दर्जीकाम करतात. तिने नक्षी पाहिली नाही. शाल उलटी केली, मागे मोकळे सुटलेले रेशमाचे धागे नखाने उचलून पाहिले आणि विचारले, "मिस, इसकी फक्त शालच बनती क्या?"

बाकीच्या हसल्या. मी शिक्षिकेच्या सवयीने उत्तर दिले की नाही, शेरवानी बनत असे, अंगरखे, रजईचे अभ्रे बनत. घंटा झाली. घरी जाताना मात्र लक्षात आले, की काय बनत होते हे तिने विचारलेच नव्हते. काय बनू शकते, हे ती विचारत होती. इतिहास शिकवणाऱ्यांना हा फरक लवकर कळत नाही.

आपल्या शहराच्या (आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, कागदोपत्री 2023 पासून) कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत हिमरूच्या दोन कथा हमखास सापडतात. पहिली अशी की सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेला आणली, तेव्हा बरोबर विणकर आले आणि त्यांनी ही कला इथे रुजवली. दुसरी अशी की मार्को पोलो याला हिमरू भेट मिळाले आणि त्याने त्याची तुलना कोळ्याच्या जाळ्याशी केली. मी स्वतः ही दोन्ही वाक्ये एकाच तासात मुलींना अनेकदा सांगितली आहेत. मग एकदा सनावळीच मांडून पाहिली. मार्को पोलो 1295 साली व्हेनिसला परत पोचला आणि 1324 साली वारला. म्हणजे जे विणकर 1327 नंतर आले, त्यांचे कापड त्याने त्याआधीच पाहिले असे आपण बिनदिक्कत सांगतो! कोळ्याच्या जाळ्यासारख्या तलम कापडाचा उल्लेख त्याच्या प्रवासवर्णनात आहे खरा, पण तो मोटुपल्लीच्या, म्हणजे तेलुगू किनाऱ्यावरच्या राणी रुद्रमादेवीच्या मुलुखाचा आहे, आणि ते कापड सुती होते. आपल्या हिमरूला परक्या पाहुण्याच्या प्रशस्तिपत्रकाची एवढी गरज का पडावी, हे मला कळत नाही.

तुघलकाची कथा मात्र एकदम टाकून देता येत नाही. अल-उमरी या अरब लेखकाने त्याच काळात लिहून ठेवले आहे, की या सुलतानाच्या दिल्लीच्या कारखान्यात 400 रेशीम विणकर होते आणि जरीकाम करणारे 500 कारागीर वेगळे. दरबारात आणि बाहेर खिलअत वाटण्याची रीतच होती. ज्याचा मान करायचा त्याला वस्त्र द्यायचे. राजधानी हलली तेव्हा असे हुनरमंद लोक मागे राहिले असतील असे वाटत नाही. पण म्हणून आपल्या भागात आधी विणकाम नव्हते असेही नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. तगराहून पुष्कळ साधे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराला जात होती. बाहेरून आलेला हात इथल्या हाताला भेटला, एवढेच आपल्याला खात्रीने म्हणता येते.

आता शब्दाकडे येऊ. 'हम-रू' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ सारख्या चेहऱ्याचा. कोणासारखा? तर किनखाबासारखा. किनखाब म्हणजे सोन्यारुप्याच्या तारांनी भरलेले रेशीम. ते बादशहा आणि अमीर यांनाच परवडणारे. त्याचा चेहरा घेतला, पण ताणा सुताचा ठेवला, नक्षी रेशमाच्या बाण्याने उठवली, आणि मधल्या ऐपतीच्या माणसाच्या अंगावर ते कापड आले. ज्याला आज आपण शाही परंपरा म्हणून काचेच्या कपाटात ठेवतो, ती तिच्या काळची नवी आणि तुलनेने स्वस्त फॅशन होती. नाव ठेवणाऱ्याने हे लपवलेही नाही. सरळ सांगून टाकले, की बाबांनो, हे त्याच्यासारखे आहे, ते नव्हे.

हिमरूचा सख्खा भाऊ मशरू. आपल्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको. जे शरीअतला मंजूर ते मशरू. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. हदीसमध्ये सवलतीही आल्या आहेत. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर यांना अंगाला खाज सुटत असल्यामुळे रेशमाची परवानगी मिळाली होती. दोन, तीन किंवा चार बोटे रुंदीची पट्टी चालते असेही हजरत उमर यांच्याकडून आलेल्या रिवायतीत आहे. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात तर चक्क मागाची भाषा येते. ताणा रेशमाचा असला आणि बाणा सुताचा, तर ते कापड वापरायला हरकत नाही. विणकराने नेमके तेच केले. रेशमी ताणा अनेक आडव्या धाग्यांवरून न्यायचा आणि एकाच धाग्याखाली दाबायचा. वरची बाजू साटीनसारखी झळाळते आणि अंगाला लागते ते सूत. उन्हाळ्यात घामही शोषला जातो. फकीहाचा मसला आणि विणकराची अक्कल एका कापडात अशी मिळालेली दुसरी जागा मला माहीत नाही. हिमरूत ताणा-बाण्याचा हिशेब उलटा असतो, तेव्हा त्याचा मसला वेगळा पडतो. तो उलेमांचा प्रांत आहे, मी त्यात शिरत नाही.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, औरंगजेब सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा, 1653 मध्ये, तिचे औरंगाबाद झाले, पुढे आसफजाही आली आणि 1763 मध्ये राजधानी हैदराबादेला गेली. सत्ता गेली तरी माग राहिले, कारण गिऱ्हाईक हैदराबादेत होते. तिथे 19व्या शतकात शेरवानी रूढ झाली. ती आपला प्राचीन पोशाख आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जुना अंगरखा, अचकन आणि इंग्रजांचा फ्रॉक कोट यांच्या मिलाफातून घडलेले ते वस्त्र, म्हणजे त्या काळच्या तरुणांची नवी शैली. ती केवळ मुसलमानांचीही नव्हती. निजामाचे पंतप्रधान महाराजा किशन प्रसाद शेरवानी घालत, आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात हिंदू-मुसलमान दोन्ही विद्यार्थ्यांच्या अंगावर ती असे. आता लग्नात नवरदेव ती घालतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि एरवी मात्र ती एका समाजाची खूण मानली जाते. याचे हसू येते.

माझ्या विद्यार्थिनीने उलटून पाहिलेली बाजू इथे कामाला येते. हिमरूच्या मागे रेशमाचे धागे मोकळे तरंगतात. अंगठीत, बांगडीत अडकतात आणि ओढले की पुढची नक्षी आक्रसते. म्हणून या कापडाला अस्तर लागतेच, आणि फार तुकडे, फार कळ्या त्याला सोसत नाहीत. शेरवानी अस्तराची, सरळ लांब पट्ट्यांची. हिमरू आणि शेरवानी यांची जोडी जमली ती केवळ नवाबी शौकामुळे नव्हे, दर्जीच्या कात्रीमुळेही. हे मला पुस्तकातून समजले नव्हते. त्या मुलीने शाल उलटी केल्यावर समजले.

आसफजाही घराण्यात नव्या पोशाखाची दृष्टी असलेली आणखी एक व्यक्ती आली, तीही बाहेरून. 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरी निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दोन शहजाद्यांचे निकाह झाले. एक वधू शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेवर, दुसरी उस्मानी घराण्यातलीच नीलोफर. (या खलिफांसाठी खुलताबादजवळ बांधलेला मकबरा रिकामाच राहिला, त्यांचा दफनविधी मदीनेत झाला.) शहजादी नीलोफर यांनी साडी आपलीशी केली आणि तिच्यावर युरोपीय धाटणीचे भरतकाम मुंबईच्या माधवदास यांच्याकडून करून घेतले. त्या साड्या आज न्यूयॉर्कच्या फॅशन संस्थेच्या संग्रहालयात आहेत. शहजादीचे नाव राहिले, माधवदास यांचेही राहिले. सुई धरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आमच्या शहरातल्या हिमरू विणकरांचीही तीच कथा आहे. माग खड्ड्यातला, विणकर पाय खाली सोडून बसणार आणि नक्षीच्या दोऱ्या ओढायला दुसरा माणूस, बहुधा घरातला पोरगा. एका वस्त्रात दोन माणसांचे महिने, आणि ओळख ती घालणाऱ्याच्या नावाने.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या. लोकांच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण हिमरूचे गिऱ्हाईक त्या जहागीरदारांच्या देवड्यांवरच होते. नंतर पर्यटक आला आणि त्याला स्वस्त शाल हवी होती. यंत्रमागावर निघालेल्या शाली हिमरू म्हणून विकल्या जाऊ लागल्या. मी स्वतः एकदा एका दुकानातून अशी शाल घेऊन फसले आहे. मागची बाजू पाहायची असते हे तेव्हा माहीत नव्हते. जफर गेटच्या बाजूला हातमागाची परंपरा कशीबशी टिकून राहिली. शेजारच्या पैठणीला मराठी लग्नघरांनी तारले, 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हिमरूला असे लग्नघर उरले नाही. यात आपला, म्हणजे वाचणाऱ्यांचाही दोष आहे. लग्नात आपण हजारोंची चमकी खरेदी करतो आणि हिमरूचा भाव ऐकून मागे फिरतो.

'परंपरा जशीच्या तशी जपा' म्हणणाऱ्यांना मी अजिंठ्याचे उदाहरण देते. हिमरूवर अजिंठ्याची कमळे, हंस दिसतात आणि विकणारे सांगतात की ही नक्षी शेकडो वर्षांची. पण अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगासमोर आली 1819 मध्ये. तिथली चित्रे स्वच्छ करण्याचे आणि छापून लोकांपुढे आणण्याचे काम तर 1914 नंतर, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखालच्या निजामाच्या पुरातत्त्व खात्याने केले. तेव्हा हिमरूवरचा अजिंठा फार जुना असण्याचा संभव नाही. कोणा विणकराने नवे पाहिले आणि बदामाच्या, अननसाच्या बुट्ट्याशेजारी ते आणून बसवले. त्याला कोणी परंपरा मोडली म्हटले नाही. शिवाय पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात टोपी आणि लांब अंगरखा घातलेले परदेशी लोक रंगवलेले आहेतच. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला परके कपडे पाहावेसे, काढावेसे वाटले.

गोव्याकडे पाहिले तर वेंडेल रॉड्रिक्स यांचे काम आठवते. गावडा-कुणबी बायकांची खांद्यावर गाठ मारायची लाल चौकटीची साडी मागावरून जवळजवळ उतरली होती. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली, नव्या मुली नेसतील अशी हलकी केली आणि फॅशनच्या मंचावर नेली. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. त्यांनी 'मोडा गोवा' हा पोशाखाच्या इतिहासाचा ग्रंथही लिहिला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. मराठवाड्याच्या पोशाखाचा असा ग्रंथ कोण लिहिणार? आमच्याकडे शिवणाऱ्या मुली आहेत, दर्जींचे मोहल्ले आहेत, आणि छावणीच्या लष्करी गणवेशातला 'खाकी' हा शब्दसुद्धा आपल्याच 'खाक'मधून आलेला.

त्या मुलीने नंतर वहीत एक चित्र काढून आणले. बिनबाह्यांची, गुडघ्यापर्यंतची सदरी. हिमरूची फक्त एक उभी पट्टी पुढे, बाकी साधे सुती कापड, आतून पूर्ण अस्तर. पट्टी चार बोटांची का, असे मी विचारले. ती म्हणाली, "अब्बा बोले, भाई को भी पहनना हुआ तो चलना ना मिस." तिच्या अब्बांनी कापडाचा हिशेब पेन्सिलीने खाली लिहिला होता: हिमरू पाव मीटर. एवढे कापून कोणी देईल का, ते विचारायला आम्ही तिघे येत्या रविवारी जफर गेटला जाणार आहोत.