अंजूरकर नाईक व वसई प्रांतातील धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न

अंजूर हे महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातील एक गाव. ते भिवंडीच्या दक्षिणेस, उल्हास नदीच्या खाडीलगतच्या प्रदेशात असून खाडीपलीकडे साष्टी बेट आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसई प्रांतातील हिंदू रयतेची धार्मिक गाऱ्हाणी पेशव्यांच्या दरबारी सतत मांडणारे नाईक घराणे याच गावचे. त्या घराण्यातील गंगाजी नाईक व त्याचे बुबाजी इ. बंधू यांचे नाव वसईच्या मोहिमेशी (१७३७–३९) कायमचे निगडित झाले आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढील सुमारे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या ‘उत्तरेकडील प्रांता’चे मुख्य ठाणे होते. (या प्रांतातील साष्टी व गोव्याचा साष्टी तालुका हे भिन्न प्रदेश असून जुन्या कागदपत्रांच्या वाचनात त्यांचा घोटाळा होण्याचा संभव असतो.) धर्मविषयक दडपणाचे स्वरूप येथे केवळ लष्करी जुलमाचे नव्हते, ते कायद्याच्या वाटेने आले होते. अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवावे, असे राजाज्ञापत्र १५५९ मध्ये निघाले. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने हिंदूंचे पुरोहित, देवस्थाने व जाहीर विधी यांवर निर्बंध सुचविले व त्यांना राजसत्तेच्या हुकुमांची जोड मिळाली. गोव्यास धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) १५६० मध्ये स्थापन झाले आणि त्याची सत्ता उत्तरेकडील प्रांतावरही चालू लागली.

या न्यायपीठाची कार्यपद्धती ध्यानात घेतल्याशिवाय अंजूरकरांच्या खटपटीचा अर्थ कळत नाही. त्याचा अधिकार तत्त्वतः बाप्तिस्मा झालेल्यांपुरता होता. परंतु धर्मांतरास अडथळा करणे, निषिद्ध विधी करणे वा करविणे या सबबींखाली बाप्तिस्मा न झालेला हिंदूही त्याच्या कक्षेत ओढला जाई. आरोपीस फिर्यादी व साक्षीदार यांची नावे कळविली जात नसत. त्याच्या बाजूने बोलणारा वकील न्यायपीठानेच नेमलेला असे. कामकाज गुप्त राही आणि मिळकत जप्त होण्याची टांगती तलवार असे. केवळ बोलण्यावरून माणूस कसा अडकत असे, याचा उत्तम पुरावा शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने ठेवला आहे. मूर्तिपूजा, बाप्तिस्मा व खुद्द धर्मन्यायपीठ यांविषयी संभाषणात काढलेल्या उद्गारांवरून त्यास १६७३ मध्ये दमण येथे पकडण्यात आले. तेथून वसईच्या तुरुंगामार्गे त्याची गोव्यास रवानगी झाली आणि १६७६ मध्ये त्यास पाच वर्षे गलबतावरील सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटकेनंतर त्याने लिहिलेला वृत्तांत १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. देलाँ ख्रिस्ती व युरोपीय होता, म्हणून त्यास निदान लेखणीचा आधार मिळाला. साष्टीतील शेतकऱ्यास तोही नव्हता.

शेजारच्या मुंबई बेटावर मात्र निराळा प्रयोग चालू होता. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगीजांनीच मुंबईतील कॅथलिक रयतेच्या धर्माचरणाची हमी इंग्रजांकडून लिहून घेतली होती. पुढे गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने दीव येथील नीमा पारेख या व्यापाऱ्यास १६७७ मध्ये ज्या सवलती लेखी दिल्या, त्यांत आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक हे एक कलम होते. यात उदारपणापेक्षा व्यापारी धोरण अधिक होते, हे खरे. तथापि धर्मस्वातंत्र्य ही मागता येण्याजोगी व कागदावर लिहून घेता येण्याजोगी गोष्ट आहे, हे साष्टीच्या लोकांना खाडीपलीकडे दिसत होते.

कल्याण-भिवंडीचा मुलूख १७१९ च्या सुमारास मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज हद्दीच्या तोंडाशी असलेल्या अंजूरसारख्या गावांचे महत्त्व वाढले. साष्टीतील मालाडचा देसाई अंताजी रघुनाथ कावळे याने हिंदू विधींचा पुरस्कार केला म्हणून त्याची मिळकत जप्त होऊन त्यास गोव्यास नेण्यात आले, तो तेथून निसटून पेशव्यांच्या आश्रयास आला, असे बखरकार सांगतो. गंगाजी नाईक याची खटपट याच सुमाराची. चिंचवडच्या देव घराण्याचा आशीर्वाद व पाठिंबा मिळवून त्याने पुण्यास बाजीरावाकडे वारंवार अर्ज-विनंत्या केल्या. त्यांना लगेच यश आले नाही. निजाम, गुजरात, माळवा व १७३३ नंतर जंजिऱ्याचा सिद्दी या प्रकरणांत पेशवा गुंतला होता. खाडीपलीकडील रयतेच्या देवधर्मासाठी पोर्तुगीजांशी नवे युद्ध ओढवून घेण्याची त्याची तयारी नव्हती. फिर्यादीस न्यायालय नसले म्हणजे तो दुसऱ्या राजाच्या दाराशी जातो. नाईकांनी हेच केले. त्यांची वकिली अशी दीर्घकाळ चालली.

या हकिकतीचा मुख्य आधार साष्टीची बखर हा आहे. ती नाईक घराण्याची बाजू ठळकपणे मांडते. तेव्हा तिचे स्वरूप तटस्थ इतिहासाचे नसून बऱ्याच अंशी कैफियतीचे आहे. मोहिमेची सर्व प्रेरणा नाईकांकडे देणे योग्य होणार नाही. बंदरांचा व्यापार, आंग्रे बंधूंच्या कलहातील पोर्तुगीजांचा हात आणि ठाण्यास बांधला जात असलेला नवा किल्ला ही कारणेही तितकीच प्रबळ होती. पेशवे दप्तरातील वसईविषयक पत्रव्यवहार, य. न. केळकरांचे विवेचन व पांडुरंग पिसुर्लेकरांनी उजेडात आणलेले पोर्तुगीज कागद यांच्याशी ताडून पाहिल्यास बखरीतील तपशील काही ठिकाणी सैल वाटतात. परंतु स्थानिक लोकांनी वाटा, उतार व बातम्या पुरविल्या हा तिचा गाभा टिकतो. ठाण्याचा किल्ला अपुरा असतानाच १७३७ च्या मार्चअखेर (नव्या कालगणनेप्रमाणे एप्रिलच्या आरंभी) मराठ्यांनी रात्री खाडी उतरून तो घेतला, तो अशाच माहितीच्या बळावर.

चिमाजी आपाच्या नेतृत्वाखालील अखेरच्या वेढ्यानंतर वसई १६ मे १७३९ रोजी शरण आली. शरणागतीच्या कलमांत शिबंदीस शस्त्रांनिशी बाहेर पडण्याची मुभा होतीच. शिवाय मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता यावी व तीन चर्चे कायम राहावीत, अशीही तरतूद झाली. नाईकांनी दोन दशके ज्या हक्कासाठी रदबदली केली, तोच हक्क आता पराभूत पक्षाने आपल्या लोकांसाठी मागितला आणि तो मान्य झाला. या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय दस्तऐवज बखर नसून हा करार होय. त्याचे पालन सर्वत्र निर्दोष झाले, असे मात्र नाही. अनेक चर्चे ओस पडली व धर्मांतरितांना परत घेण्याचे प्रयत्नही झाले. असे असले तरी आंकेतील द्यू पेराँ हा फ्रेंच पंडित १७६० मध्ये साष्टीतून गेला, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोक आपले सण गोव्याइतक्याच उघडपणे साजरे करीत असल्याचे त्यास आढळले.

साष्टी बेट १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले. गोव्याचे धर्मन्यायपीठ त्याच वर्षी बंद झाले, काही वर्षांत पुन्हा सुरू झाले व १८१२ मध्ये कायमचे उठले. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९११ च्या कायद्याने राज्य व चर्च यांची फारकत झाली आणि त्यानंतरच गोव्यातील हिंदूंना कायद्याच्या दृष्टीने समान दर्जा मिळू लागला. अंजूर येथे नाईकांचा वाडा असून त्यातील सिद्धिविनायकाची परंपरा चिंचवडच्या देवांशी जोडली जाते.