पान्याची कळ

घरच्या मोटारीसाठीं किंवा सायकलीसाठीं पान्यांचा संच घेण्याचा प्रसंग येतो, तेव्हां पेटी केवढी आणि पोलाद किती चकचकीत एवढेंच आपण बहुधा पाहतों. पेटींतील मुठीवर एक लहानसें बटनही असतें. त्याचा इतिहास मात्र लहान नाहीं.

साध्या पान्यानें नट आवळतांना दर खेपेस पाना काढून पुन्हा बसवावा लागतो. रॅचेटच्या पान्यांत एक दांतेरी चक्र व त्यावर स्प्रिंगच्या जोरानें टेकलेली खिटी असते. त्यामुळें मूठ एका बाजूस फिरविली म्हणजे नट फिरतो आणि उलट नेली म्हणजे ती मोकळीच परतते. असें पेटंट अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत, वुडस्टॉक येथील जे. जे. रिचर्डसन यांनीं 1863 सालीं घेतलें. चक्राला 36 दांते असले तर मूठ निदान 10 अंश हलवावी लागते. 72 असले तर 5 अंश पुरतात. अडचणीच्या जागीं हा भेद फार मोठा ठरतो.

मुठीच्या टोकास निरनिराळ्या मापांचीं सॉकेटें बसतात व एक छर्रा त्यांना धरून ठेवतो. तेलकट हातांनीं तीं ओढून काढणें कष्टाचें होई. मॅसॅच्युसेट्समधील गार्डनर गांवीं सिअर्स कंपनीच्या दुकानांत पीटर रॉबर्ट्स नांवाचा अठरा वर्षांचा विक्रेता होता. त्यानें फावल्या वेळांत यावर तोड काढली. मुठीवरील बटन दाबतांच छर्रा आंत सरतो आणि एकाच हातानें सॉकेट सुटतें. 1964 सालीं त्यानें आपला नमुना कंपनीपुढें ठेवला.

कंपनीनें तपासणी करून शोधाचें मोल ओळखलें. रॉबर्ट्सला मात्र त्याचा खप बेताचाच होईल असें भासविलें. 1965 सालीं त्यानें हक्क लिहून दिले, ते पान्यामागें 2 सेंट व एकूण 10,000 डॉलर एवढ्याच मर्यादेनें. म्हणजे 5 लाख पाने विकले जातांच त्याचें येणें संपलें. पुढील दहा वर्षांत 1 कोटी 90 लाखांच्या आसपास पाने खपले.

1969 सालीं रॉबर्ट्सनें फिर्याद केली. 1977 सालीं शिकागो येथें ज्यूरीनें कंपनीला कपटाबद्दल दोषी ठरवून त्यास 10 लाख डॉलर देवविले, व 1978 सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पेटंटासंबंधींचा तंटा त्यानंतरही बराच काळ चालला.

स्वस्तांत सौदा करण्यास कोणताही व्यापारी मोकळा आहे. पण येथें एका पक्षाजवळ सारी माहिती होती आणि दुसऱ्याजवळ केवळ आपल्या मालकावरील विश्वास होता. ज्यानें विश्वास टाकला त्यालाच खरी गोष्ट कळूं दिली नाहीं, हा न्यायालयाच्या दृष्टीनें अपराध ठरला. शोधकाची बुद्धि त्याच्या मालकीची असते, मग तो दुकानांतला नोकर कां असेना, हा त्यांतील बोध.

त्या पेटंटाची मुदत केव्हांच संपली असून आज अनेक कारखान्यांच्या पान्यांवर असें बटन आढळतें. संच निवडतांना प्रथम आपल्या यंत्राचे नट इंचाचे कीं मिलिमीटरचे हें पाहावें, मग चक्राचे दांते विचारावे आणि शेवटीं बटन दाबून पाहावें. तें सहज दबून सॉकेट हातांत आलें, म्हणजे गार्डनरच्या त्या विक्रेत्याची बुद्धि आपल्या कामास आली असें समजावें.